दोन्ही टोकं हाताने

लेबलकाकांची नोकरी मी घालवली. पत्र ठेकेदाराने काढलं, सही अधीक्षकांनी केली, हे सगळं खरं. पण त्या पत्राच्या मुळाशी माझा अर्ज होता. एक पानी, निळ्या शाईतला, एकही खाडाखोड नसलेला. माझे अर्ज असेच असतात. शाळा माझी सातवीत सुटली, पुढचं सगळं मी कचेऱ्यांच्या बाकांवर बसून शिकले, आणि माझा अर्ज हातात पडला की साहेब लोक आधी चष्मा शोधतात याचा मला फार अभिमान होता. होता म्हणते.

हा माणूस कोण ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या अर्जात तो नव्हताच. तिथं नुसता 'संबंधित कंत्राटी कर्मचारी' होता.

आमच्या सरकारी रुग्णालयात कॉम्प्युटरच्या वायरींचं काम ते बघायचे. वय छप्पन्न, अंगाने काटकुळे, कानामागे कायम पेन्सिल. त्याआधी बावीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या. ते एक्स्चेंज बंद पडलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी माणूस घरी बसला. मग रद्दीच्या दुकानातून नेटवर्किंगचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिलं पान समजायला चार दिवस लागले, असं स्वतःच सांगायचे. "खांबावरून उतरलो तो थेट टेबलाखाली गेलो," म्हणायचे. "मधे जमिनीवर उभं राहायला मिळालंच नाही."

माऊसला हात लावायचे नाहीत. त्यांच्या कॉम्प्युटरवर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मी एकदा विचारलं, चित्रं बघून बटणं दाबायची सोय असताना हे टायपत बसायची हौस कशाला. तर म्हणाले, "ताई, ते बोट दाखवून मागणं झालं. इथं नाव घेऊन मागावं लागतं. आणि नाव घेऊन मागितलं की काय मागितलं ते लक्षात राहतं."

जिन्याखाली एक चिंचोळी खोली होती. खोली कसली, दार लावलेला कोपरा. तिथल्या लोखंडी रॅकमध्ये ती पेटी बसवलेली, जिला ते स्विच म्हणायचे. सगळ्या खोल्यांतल्या केबली तिथं येऊन मिळायच्या. एक्केचाळीस केबली, आणि प्रत्येकीला एक लेबल. एक्स-रे फिल्मच्या जुन्या तपकिरी पाकिटांचे तुकडे कापायचे, त्यावर पेन्सिलीने लिहायचं, वर चिकटपट्टी लावायची आणि दोऱ्याने बांधायचं. दोरा बायकोच्या मशीनवरचा, काकू शाळेच्या बॅगा शिवायच्या. गाठही काकूंनीच शिकवलेली, ओढली की घट्ट होणारी. कुठल्या खोलीतून आली, कधी टाकली, आणि केबलीचं काही दुखणं असेल तर तेही त्या लेबलावर. म्हणून लेबलकाका. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात असेल, आम्हाला कधी लागलं नाही.

आमची ओळख त्यांच्या पायांपासून झाली. केसपेपरच्या खिडकीवर कॉम्प्युटर बंद पडला होता, बाहेर दीडशे माणसं, आणि मी रुग्ण समितीची सदस्य या नात्याने आत घुसून आवाज चढवला होता. आत कोणीच नाही. टेबलाखालून फक्त दोन पाय बाहेर.

"कोण आहे टेबलाखाली? लोक सकाळपासून उभे आहेत, इथं झोपा काढायला ठेवलंय का?"

"मी आहे, ताई," खालून आवाज आला. "शिव्या देऊन झाल्या की ती टॉर्च जरा खाली द्या."

मी टॉर्च दिली. दहा मिनिटांनी खिडकी सुरू झाली. माझ्यावर चिडला नाही असा तो त्या इमारतीतला पहिला माणूस. तेव्हापासून रुग्णालयात गेले की जिन्याखाली चहाला थांबायची. त्यांच्याकडे स्टूल एकच होतं, ते मला द्यायचे, स्वतः केबलच्या रिळावर बसायचे.

एक दिवस त्यांनी मला एक्स-रेची केबल दाखवली. तिचं लेबल बाकीच्यांपेक्षा मोठं, पोस्टकार्डाएवढं.

"ही हट्टी आहे," म्हणाले. "लिफ्टच्या मोटरीजवळून जाते आणि पलीकडचा कॉम्प्युटर म्हातारा. एरवी काय होतं, की केबल लावली की दोन्ही टोकं आपसात ठरवतात, किती वेगाने बोलायचं. इथं दोघं मिळून हजार ठरवायचे आणि या केबलीला हजार झेपायचे नाहीत. तुटायचं. परत विचारपूस, परत हजार, परत तुटायचं. मी दोघांची विचारपूसच, म्हणजे ऑटो, बंद केली. दोघांना हाताने सांगितलं, वेग शंभर, आणि फुल डुप्लेक्स. म्हणजे एकाच वेळी बोला पण आणि ऐका पण. सहा वर्षं झाली, कुरकुर नाही."

"मग हट्टी कसली?"

"हे दोन्ही टोकांना सांगावं लागतं. एकालाच सांगितलं तर पंचाईत. ज्याला सांगितलं नाही तो आपला विचारत बसतो, समोरून उत्तर येत नाही. वेग त्याला कळतो, पण बाकीचं कळत नाही, म्हणून तो बिचारा सांभाळून राहतो. समजतो की इथं एका वेळी एकानेच बोलायचंय. हाफ डुप्लेक्स. आणि समोरचा तर थांबतच नाही. थोडं बोलणं असेल तर निभतं. मोठं काही पाठवायला घेतलं की शब्दांवर शब्द आपटतात."

"दिवा लागत नसेल मग."

"हिरवा लागतो. तीच तर बदमाशी." मग माझ्याकडे बघून हसले. "तुमचं आणि अधीक्षक साहेबांचं चालतं ना, तसं. तुम्ही थांबत नाही, ते तुमच्या थांबण्याची वाट बघतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, छान चर्चा चाललीये."

मी पोटभर हसले. चहा संपवला. आणि त्यातलं 'चर्चा चाललीये' तेवढं लक्षात ठेवलं, बाकी सगळं विसरले.

ती जुनी पेटी मग म्हातारी झाली. पंखा घरघरायचा, केबल खोचायचं एकेक भोक मरत चाललं होतं. काकांनी तीन वेळा लिहून दिलं, वरून उत्तर आलं नाही. मग मी हातात घेतलं. फाटकासमोर अकरा दिवस बसले. अकराव्या दिवशी नव्या पेटीची मंजुरी निघाली. माझ्या लेखी ती पेटी रुग्णालयाची नव्हतीच, माझी होती.

उद्घाटन सोमवारचं ठरलं, कारण पाहुण्यांना तोच दिवस मोकळा. आणि काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या शनिवारी, दुसऱ्या गावी. गुरुवारी काका मला जिन्याजवळ थांबवून म्हणाले, "पेटी येऊ दे. फोटो काढायचा तर खोक्याचा काढा. पण लावू नका. मी बुधवारी येतो आणि एकेक केबल बघून हलवतो."

"पाहुणे खोक्याची फीत कापणार का, काका?"

"मग मला बुधवारपर्यंत पाहुणे थांबवून द्या."

मी म्हटलं, बघते. बघितलं काहीच नाही.

सोमवारी सकाळी पेटीवाला आला, म्हणजे कंपनीचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. त्याने नवी पेटी रॅकमध्ये बसवली आणि जुनीतून एकेक केबल उपसून नवीत खोचायला लागला. एकवीस मिनिटांत काम झालं. एक्केचाळीस हिरवे दिवे. मी मनात म्हटलं, या कामासाठी काका बुधवार बुधवार करत होते.

आता जे सांगायचंय ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

फोटोवाल्याने रॅक बघितला आणि नाक मुरडलं. "ताई, या चिंध्या कसल्या लोंबतायत? फोटोत फार घाण दिसेल." नवीकोरी पेटी चकचकत होती आणि तिच्यासमोर तपकिरी कागदांची लक्तरं, पेन्सिलीची अक्षरं, वेगवेगळ्या रंगांचे दोरे. फीत कापायची कात्री तिथंच तबकात होती. मी ती उचलली आणि लेबलं कापायला लागले.

एक्स-रेच्या बाई दारात उभ्या होत्या. शांत बाई, कधी जास्त बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, काकांना विचारलंय ना?"

"काका काय परवानगी देणारे अधिकारी आहेत?" मी म्हटलं. गाठी घट्ट होत्या, कात्रीला जोर लावावा लागत होता. एक्केचाळीस लेबलं मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि ती पिशवी माझ्या झोळीत टाकली. तिथं टाकायला कचऱ्याची टोपली नव्हती, एवढंच कारण. असती तर ही गोष्ट मला कधी कळलीच नसती.

फीत कापली गेली. पाहुण्यांनी हौसेने स्वतःच्या हाताचा एक्स-रे काढून घेतला. बाई म्हणत होत्या अंगठ्या काढा, तर एक अंगठी निघेना. ते चित्र वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या पडद्यावर गेलं. थोडं रेंगाळत गेलं, पण गेलं. टाळ्या पडल्या. फोटो छान आला, एकही चिंधी नाही.

मंगळवारी गर्दी झाली तशी चित्रं अडकायला लागली. अर्धी छाती यायची आणि पडदा थिजायचा. एकामागे एक रांग लागली की काहीच वर जाईना. स्ट्रेचरवर एक आजी होत्या, पडून खुबा मोडलेला. दहा वाजता एक्स-रे काढला, तीन वाजेपर्यंत डॉक्टरांना दिसला नाही. सून फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती. आजी ओरडत नव्हत्या, नुसत्या छताकडे बघत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं डोकं सटकलं.

काकांना फोन लावला. ते डोळ्यांच्या दवाखान्यात होते. काकूंच्या डोळ्यात संसर्ग झाला होता आणि डॉक्टरांनी आणखी आठ दिवस थांबवून घेतलं होतं.

"इथं सगळं बंद पडलंय आणि तुम्ही तिकडे," मी म्हटलं.

"पेटी लावली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग, "ताई, एक्स-रेची दोन्ही टोकं बघायला सांगा. लेबलावर सगळं लिहिलंय. त्या माणसाला नुसतं ते लेबल..."

"टोकं-बिकं राहू द्या. इथं माणूस तळमळतंय."

मी फोन ठेवला आणि तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. ऐन वेळी गैरहजेरी, कामात हलगर्जी, रुग्णांच्या जिवाशी खेळ. 'जिवाशी खेळ' याच्याखाली तर रेघही ओढली. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचं पत्र निघालं. इतकी वर्षं मी अर्ज करतेय, एवढ्या लवकर माझ्या कुठल्याच अर्जावर काम झालं नव्हतं. तिथंच मला कळायला हवं होतं. पाण्यासाठी, गटारासाठी, रस्त्यासाठी अर्ज केला की वर्षं जातात. कंत्राटी माणसाला काढायचं म्हटलं की यंत्रणा कशी सुतासारखी सरळ चालते.

काका परत आल्यावर त्यांनी म्हणणं मांडायची मागणी केली. अधीक्षकांच्या खोलीत बैठक बसली. अधीक्षक, ठेकेदाराचा माणूस, पेटीवाला आणि मी. काका उभेच होते, खुर्ची कोणी दिली नाही. मीही दिली नाही.

पेटीवाला म्हणाला, "आमच्या पेटीत दोष नाही. एक्स-रेचा कॉम्प्युटर जुनाट आहे. आणि खरं सांगू का साहेब, एकाही केबलला लेबल नव्हतं. कुठली कुठे जाते याचा पत्ता नाही. असं काम मी कुठेच बघितलं नाही."

खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं. केबली उपसताना घाईत त्याने त्या चिंध्यांना लेबल म्हणून बघितलंच नव्हतं, आणि मी कात्री चालवली तेव्हा तो बाहेर गाडीतून सामान आणायला गेला होता. परत आला तेव्हा लेबलं नव्हती.

अधीक्षकांनी काकांकडे बघितलं. "लेबलं कुठे आहेत?"

"होती."

"होती म्हणजे? आता कुठे आहेत?"

"मी नव्हतो, साहेब. जाताना होती." मग ते म्हणाले, "मला पाच मिनिटं बसू द्या. फक्त पाच मिनिटं. दोन्ही टोकं बघतो आणि जातो."

"तुम्ही आता कर्मचारी नाही. मशीनला हात कसा लावू देणार?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं. नुसतं ओळखीचं माणूस म्हणून बघितलं, चार शब्द बोलेल म्हणून. माझी झोळी माझ्या मांडीवर होती. लेबलं मीच कापली होती हे मला पक्कं आठवत होतं. पण मी स्वतःला म्हटलं, जुनी चिंधकं होती ती, त्यांचा याच्याशी काय संबंध. अकरा दिवस फाटकात बसणारी बाई त्या खोलीत अकरा शब्द बोलू शकली नाही. शेऱ्यात लिहिलं गेलं, 'केबलींची कोणतीही नोंद अथवा लेबल ठेवलेले आढळले नाही.' खाली उपस्थितांच्या सह्या. माझी तिसरी.

काका गेले. एक्स-रेची चित्रं डिस्कवर भरून शिपाई जिन्याने वर-खाली करू लागला. लोकांना तेही सवयीचं झालं.

तीन आठवड्यांनी एका सभेची पत्रकं भरायला मी झोळी रिकामी केली. प्लॅस्टिकची पिशवी घरंगळून पडली. मी जमिनीवर बसून लेबलं बघू लागले. केसपेपर खिडकी. बाळंतपण विभाग. औषधं, 'उंदीर कुरतडतात, वरून नेली आहे'. आणि मग ते पोस्टकार्डाएवढं.

'एक्स-रे. दोन्ही टोकं हाताने लावली आहेत. शंभर, फुल, ऑटो बंद. पेटी बदलली तर नव्या पेटीतही आधी हेच करणे, नाहीतर दिवा हिरवा दिसेल आणि काम होणार नाही. मी नसेन तर हे वाचावे.'

जिन्याखालचा तो चहा आठवला. सगळं आठवलं, शब्दन् शब्द.

इथं मी लगेच उठून धावले असं लिहायला मला आवडलं असतं. मी ती लेबलं परत पिशवीत घातली, पिशवी फळीवर ठेवली आणि सभेला गेले. बोलले पण चांगली, कंत्राटी कामगारांच्या हक्कांवर. दोन दिवस पिशवी फळीवर होती. चूल पेटवताना एकदा हातात घेऊनही बघितली. पुरावा म्हणावा तर जगात तेवढाच आणि तो माझ्या घरात. मला कोणी विचारणार नव्हतं. याच गोष्टीने मला झोप लागेना, की कोणी विचारणारच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भोवती बॅगांच्या पट्ट्यांचे ढीग. काकू डोळ्यावर हिरवी झापड लावून मशीनवर, आणि काका शेजारी पाटावर बसून सुयांत दोरे ओवत होते. ओवलेल्या सुया एका स्पंजात ओळीने खोचलेल्या.

"या," काकू म्हणाल्या. "एका डोळ्याने दोरा ओवता येत नाही बघा. म्हणून हा नोकर ठेवलाय."

"बिनपगारी," काका म्हणाले. "इथून कोणी काढत पण नाही."

मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, त्यातलं काहीच निघालं नाही. "मी कापली," म्हटलं. "फोटोसाठी."

त्यांनी पिशवी उघडली. लेबलं मांडीवर ओतली आणि एकेक उलटून बघू लागले, मोजल्यासारखी. मोठं लेबल हातात आलं तेव्हा थांबले. कापलेल्या दोऱ्याचं टोक बोटाने चाचपलं.

"कात्रीने?"

"हो."

"फितीच्या?"

मी मान हलवली. काकूंनी मशीन थांबवली होती.

"बैठकीत तुम्हाला माहीत होतं?" काकांनी विचारलं. आवाज चढवला नाही. टेबलाखालून टॉर्च मागताना होता तसाच आवाज.

"लेबलं मी कापली, हे माहीत होतं. त्यात काय लिहिलंय ते नव्हतं."

"वाचलं नाही."

"नाही."

त्यांनी मोठं लेबल बाजूला ठेवलं. मग काकूच बोलल्या, तिरकं काही नव्हतं त्यात, सरळ सांगावं तसं. "यांना झोप नाही. रात्री उठून वही काढतात. म्हणतात, लेबल लिहायचंच राहिलं असेल का? बांधलंच नसेल का मी? तीन आठवडे हा माणूस स्वतःलाच विचारतोय."

नोकरी गेली ती गेलीच. पण बावीस अधिक अकरा वर्षं ज्याने गाठी मारल्या त्या माणसाला आपल्या हातावर संशय घ्यायला मी लावलं होतं. मी म्हटलं, "काका, मी चुकले. माफ—"

"ते मला कशाला सांगता?" काका म्हणाले. "मला आता कळलंच की. शेरा तिथं लिहिलाय. तिथं लिहा, मॅडम."

मॅडम. इतकी वर्षं मी त्यांची ताई होते.

त्याच दुपारी दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जाला वीस मिनिटं लागली होती, याला चार तास. चार कागद फाडले. प्रत्येक वेळी मधेच 'परंतु' यायचं. परंतु अधिकाऱ्यांनी दिरंगाई केली होती, परंतु पाहुण्यांची तारीख होती. पाचव्या कागदावर 'परंतु' नव्हतं. लेबलं मी कापली, नव्या पेटीचं काम कर्मचाऱ्याच्या सूचनेविरुद्ध माझ्या आग्रहाने झालं, बैठकीत मी ही माहिती दडवली, शेरा खोटा आहे.

अधीक्षकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "ताई, हे असं लिहून देऊ नका. समितीवरून जावं लागेल तुम्हाला. तोंडी सांगितलंत, मी बघतो ना."

"तोंडी सांगितलेलं फायलीला लागत नाही, साहेब. तुमच्याकडूनच शिकलेय."

"आणि मागणी काय?"

"त्यांनी मागितलेली पाच मिनिटं द्या. माझ्यासमोर आणि पेटीवाल्यासमोर."

सोमवारीच काका आले. धुतलेला शर्ट, कानामागे पेन्सिल, हातात लांबट वही. आधी एक्स-रेच्या खोलीत बसले. बाईंनी खुर्ची पुसून दिली. काळ्या पडद्यावर त्यांनी ईथटूल असं काहीतरी टायपलं, पुढे जोडणीचं नाव, एंटर. पांढऱ्या ओळी सरसर आल्या. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "शंभर. फुल. ऑटो बंद. हे टोक मी सोडलं तसंच आहे." मग जिन्याखाली आले. पेटीवाल्याने नव्या पेटीचा पासवर्ड टाकून दिला, थोडा कुरकुरत. तिथंही काळा पडदा. "शंभर," काका म्हणाले. "आणि हाफ. हिला कोणी सांगितलंच नाही." खाली एक आकडा होता, किती वेळा बोलण्यावर बोलणं आपटलं त्याचा. काकांनी बाईंना एक चित्र पाठवायला सांगितलं. आमच्या डोळ्यांदेखत तो आकडा वाढत गेला, शेकड्यांनी.

पेटीवाला पुढे वाकला. "हे मला दिसायला हवं होतं," म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. घाईत होता, माझ्या घाईत.

काकांनी दोन ओळी टायपल्या. वेग शंभर, डुप्लेक्स फुल. आकडा पुसून शून्यावर आणला. "पाठवा आता." वर डॉक्टरांच्या पडद्यावर एक पाठीचा कणा पूर्ण उतरला, बाई फोनवरून डॉक्टरांना विचारेपर्यंत. दुसरा पाठवला, मग एकदम आठ. आकडा शून्यच. घड्याळात चार मिनिटं झाली होती. उरलेल्या मिनिटात त्यांनी खिशातून दोरा काढला आणि ते मोठं लेबल परत बांधलं. कापलेल्या जागी जुना दोरा आखूड पडला होता, म्हणून नवा. हिरवा. काकूंच्या झापडीच्या रंगाचा.

त्यांना परत घ्यायला दोन महिने लागले. काढायला तीन दिवस आणि घ्यायला दोन महिने. मी रोज गेले, त्याची बढाई नाही, जायलाच हवं होतं. समितीवरून मला काढलं, तेही बरोबरच होतं. आता त्या रुग्णालयात मी साधी बाई म्हणून जाते, रांगेत उभी राहते.

पण फाईल तशीच आहे. मी मागवून बघितली. उघडली की सगळ्यात आधी माझा पहिला अर्ज दिसतो, निळ्या शाईतला, सुरेख अक्षरातला. दुसरा मागे कुठेतरी टाचलाय, सतराव्या पानावर. उद्या कोणी नवा साहेब आला आणि घाईत फाईल चाळली तर तो पहिलं पान वाचेल. मी वाचायचे तसंच. अधीक्षकांना म्हटलं, क्रम बदला. ते म्हणाले, तारखेनं लावतात, ताई.

बाकीची चाळीस लेबलंही बांधायला हवी होती. काका रुजू झाले त्या आठवड्यात मी जिन्याखाली गेले आणि म्हटलं, मी लिहिते, तुम्ही सांगा. त्यांनी नको म्हटलं नाही. मी स्टुलावर, ते रिळावर. जुनी लेबलं ते वाचायचे, मी नव्या तपकिरी कागदावर उतरवायचे, ते चिकटपट्टी लावून गाठ मारायचे. तीन दुपारी गेल्या. चहा आला तेव्हा माझ्याही पुढे एक कप ठेवला.

शेवटच्या दिवशी मी लिहिलेलं एक लेबल त्यांनी परत दिलं. औषधं विभागाचं. मी 'उंदीर कुरतडतात' एवढंच लिहून पुढे गेले होते.

"पुढचं राहिलं," म्हणाले. "वरून नेली आहे, ते."

मी लिहिलं आणि दिलं. त्यांनी ते नीट शेवटपर्यंत वाचलं, मग बांधलं.

"झालं, मॅडम," म्हणाले.